अकरा वाडग्यांचा कारखाना

बाईंना कुणी काही खायला दिलं, की त्या आधी ताटली वर उचलून तिच्या खाली बघत. ताटलीत काय आहे, हे नंतर. नौपाड्यात त्यांच्या शेजारच्या इमारतीत एकदा संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. घरातल्या वहिनींनी हौसेने सासूबाईंच्या काळातल्या पांढऱ्या एनॅमलच्या थाळीत तिळाच्या वड्या मांडल्या होत्या. बाईंनी थाळी हातात घेतली, डोक्याच्या वर नेली, आणि नीट दिसेना म्हणून सरळ उलटी केली. वड्या वहिनींच्या पैठणीवर, कुंकवाच्या करंड्यात, कुठे कुठे गेल्या. सगळ्या बायका "अगंबाई" म्हणत मागे सरकल्या आणि बाई मधोमध उभ्या राहून आनंदाने ओरडल्या, "बावीस नंबर! आणि शिक्का अख्खा आहे!"

ही गोष्ट त्यांनीच मला सांगितली, तीही तक्रार म्हणून. "तेव्हापासून मला सगळे कागदी डिशमध्ये देतात गं. त्याच्या मागे काय बघणार?"

मी त्यांना बाई म्हणायचे, पण त्या शिक्षिका नव्हत्या. एका सरकारी दवाखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. तिथे एनॅमलची भांडी असायची, ट्रे, मग, थाळ्या, पिंप. भांड्याचा एक टवका उडाला की नियमाप्रमाणे त्याच्यावर 'कंडेम' असा शेरा मारायचा आणि ते भंगारात टाकायचं. बाईंनी असे शेकडो शेरे मारले. मग एक दिवस एक थाळी टाकताना त्यांनी सहज मागे बघितलं, तर तिथे निळ्या शाईत एक मुकुट, दोन अक्षरं आणि एक आकडा. ही कुठली, कुणी केली, इथवर कशी आली, हे स्टोअरमध्ये कुणालाच सांगता येईना. "मी ज्याला कंडेम म्हणत होते त्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं," त्या म्हणायच्या. रिटायर झाल्यावर त्यांनी दुसरं काही केलं नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत जिथे म्हणून भंगारवाला आहे, तिथे त्या गेलेल्या आहेत.

मला हे सगळं नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. आम्ही कोपरच्या खाडीकडच्या गावातले, आगरी. पप्पा टेम्पो चालवतात. कॉलेजमध्ये आम्हाला 'आपल्या परिसरातली जुनी वस्तू' असं प्रोजेक्ट होतं. माझ्या मैत्रिणींनी आजोबांची घड्याळं, ग्रामोफोन असं काही काही आणलेलं. मी सरांना म्हटलं, आमच्याकडे जुनं काही नाही. सर म्हणाले, मग नौपाड्यात एक बाई आहेत, त्यांच्याकडे जा, त्यांना वहीतलं सगळं कॉम्प्युटरवर टाइप करून देणारं कुणीतरी हवंच आहे.

मी गेले. दार उघडल्या उघडल्या त्यांनी विचारलं, "कुठली?"

मी माझं नाव सांगितलं.

"नाव नाही विचारलं. कुठली?"

"कोपर."

"हां. ये, कोपर."

त्यानंतर दीड वर्ष मी कोपर होते. त्या माणसांनाही भांड्यांसारखंच, सापडल्या जागेवरून ओळखत. शहाडचा भंगारवाला म्हणजे 'शहाड'. वाचनालयाचे चिटणीस घंटाळीला राहायचे, ते 'घंटाळी'. गेल्या वर्षी त्या नाशिकला भाचीकडे राहायला गेल्या. फोन केला की पलीकडून अजून "बोल, कोपर" असंच येतं.

त्यांच्या घरात बसायला एकच खुर्ची होती. बाकी सगळीकडे भांडी. थाळ्या, वाडगे, किटल्या, दुधाच्या बरण्या, डबे. त्या स्वतः मात्र स्टीलच्या ताटात जेवत. मी विचारलं तर म्हणाल्या, "साक्षीदाराच्या अंगावर कुणी आमटी ओततं का?" जेवण तरी काय, दोन्ही वेळ पोहे.

एखादं नवीन भांडं आलं की त्याची तपासणी ठरलेली. आधी बूड बघायचं, मग कड बोटाने चाचपायची, दुमडलेली आहे की नुसती कापलेली. मग कान जवळ नेऊन नखाने वाजवायचं. "पितळ गातं, स्टील ओरडतं, आणि एनॅमल खाकरतं," असं त्या सांगत. मी पहिले काही दिवस नुसती मान हलवायचे. एक दिवस दोन किटल्या वाजवताना मला खरंच ऐकू आलं, एक कोरडी खाकरत होती आणि एक ओली. मी खुर्चीवरून उडालेच. बाई म्हणाल्या, "ओली आहे ना, तिच्यावर काचेचा एक थर जास्त आहे. चला, तुझे कान उघडले." त्या दिवशी मी घरी येऊन सगळी भांडी वाजवली. आई म्हणाली, "भूक लागली असंल तर तोंडानं सांग."

शहाडला आम्ही महिन्यातून एकदा जायचो. नदीच्या बाजूला त्या भंगारवाल्याचं पत्र्याचं गोदाम. बाई रिक्षातून उतरताना दिसल्या की तो हातातलं काम टाकून चहा सांगायचा, आणि मग त्यांची मजा करायला सुरुवात.

"मॅडम, लेट कर दिया. कल एक थाली थी, नीली किनारवाली. गयी."

"कुठे गेली?"

"फेक दी. गाडी में दब गयी."

बाईंचा चेहरा असा व्हायचा की मलाच रडू यायचं. मग तो खुर्चीखालून थाळी काढायचा. एकदा त्याने काढलेल्या थाळीवर इतके टवके होते की पांढरं कमी आणि काळं जास्त. "मॅडम, इसको तो चेचक हो गया है."

"आधी अंगठा काढा शिक्क्यावरून," बाई म्हणाल्या. "पेशंटचं नाव वाचू द्या."

नाव वाचता आलं की त्या दिवशी परतताना त्या रिक्षावाल्यालासुद्धा सांगत. त्यातून हळूहळू एक नकाशा तयार झालेला. अमुक शिक्का म्हणजे बाहेरून बोटीने आलेला माल, तमुक म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या कारखान्यांचा. मागचा आकडा म्हणजे भांड्याची रुंदी सेंटीमीटरमध्ये. प्राणी, पक्षी, तारे, चंद्र, ज्याने त्याने आपापली खूण छापलेली. मी टाइप करता करता या खुणा ओळखायला लागले. मला वर्गात कधी हात वर करून उत्तर देता आलं नाही, पण इथे मी लांबून ओरडायचे, "बाई, तारा! पाच टोकांचा!"

आता त्या अकरा वाडग्यांबद्दल.

पांढरे, निळ्या कडेचे, सगळे एका मापाचे. बुडाला शिक्का नाही. दिवा, कळवा, कोपर, मोठागाव अशा खाडीकडच्या भंगारात ते नऊ वर्षांत एकेक करून सापडलेले. आणि प्रत्येकाच्या कडेवर थोडे टवके होते. कुठे दोन, कुठे तीन, कुठे दोन आणि थोडं अंतर सोडून एक. पडून उडालेला टवका वेडावाकडा असतो. हे नीट, ओळीत होते, आणि आत काळं काहीतरी भरलेलं.

बाईंनी त्यावरून एक गोष्ट ठरवली होती. एनॅमल म्हणजे आत लोखंडी पत्रा आणि वरून काच. काचेची पूड पाण्यात कालवायची, त्यात पत्र्याचं भांडं बुडवायचं, वाळवायचं, आणि तापून लाल झालेल्या भट्टीत घालायचं. पूड वितळते आणि पत्र्याला घट्ट धरते. मोठ्या कारखान्यात भांडं ठेवायला भट्टीत आधार असतात. पण एखादा लहान कारखाना असेल, चार माणसांचा, तर तो काय करेल? भांडं कडेला लोखंडी आकडे लावून टांगेल. जिथे आकडा, तिथे वरची पांढरी काच धरणार नाही, तिच्याखालचं काळ्या काचेचं अस्तर दिसेल. शिक्का नाही, कारण शिक्का मारायची ऐपत नाही. आणि सगळे सापडले खाडीकाठी. म्हणजे हा कारखाना इथलाच. ठाण्याचा स्वतःचा.

हे त्यांनी पूर्वी एकदा वाचनालयात बोलून दाखवलं तेव्हा चिटणीस हसले होते. "बाई, ठाण्यात मीठ पिकत होतं. एनॅमल कुठलं?" लोक मागून त्यांना भंगारवाली बाई म्हणत, हे त्यांना माहीत होतं. त्याचं त्यांना काही वाटत नसे, पण ते हसणं त्यांच्या मनात राहिलं होतं. त्यानंतर त्या दर वर्षी एक नवा वाडगा घेऊन चिटणिसांकडे जात राहिल्या. अकरावा सापडला तेव्हा चिटणिसांनी हात टेकले आणि व्याख्यान ठरवलं. निमंत्रणपत्रिका छापून आली: 'ठाण्याचा हरवलेला कारखाना'. खाली बाईंचं नाव. वाचनालयाच्या वार्षिक अंकात लेखही येणार होता. बाईंनी ती पत्रिका किटलीला टेकवून ठेवली होती आणि येताजाता तिच्याकडे बघत.

मी एकदा विचारलं होतं, "बाई, पण प्रत्येकावर टवके वेगवेगळे का?"

"लहान कारखाना गं. आज दोन आकडे मिळाले, उद्या तीन."

मला ते पटलं. मला तेव्हा त्यांचं सगळंच पटायचं.

व्याख्यानाच्या आधीच्या रविवारी मी आत्याकडे गेले. आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण, आमच्याच गावात वरच्या आळीला दिलेली. मागच्या दारी तिच्या कोंबड्या पाणी पीत होत्या. पांढरा वाडगा, निळी कड. मी कोंबड्या हाकलल्या, पाणी ओतलं आणि वाडगा उलटा केला. शिक्का नाही. कडेवर दोन टवके, काळे. बारावा! मी तो ओढणीने पुसायला लागले.

आत्या दारातून हसत होती. "कं गो, तुझी पन बाई जाली कं? कोंबऱ्यांना पानी ठेव आधी."

"आत्या, हा कुठून आला?"

"कुठून येल? आमचे बापासाचा हाय. मिठागरावरचा. बग ना, नाव हाय त्याच्यावर."

"कुठंय नाव?"

तिने माझं बोट धरून त्या दोन टवक्यांवर ठेवलं. "ह्ये."

मग तिने सांगितलं. मिठागरावर पितळ टिकत नसे, आणि जर्मनला, म्हणजे ॲल्युमिनियमला, तर खाऱ्या पाण्याने भोकं पडत. म्हणून सगळ्यांनी ठाण्याच्या बाजारातून एनॅमलचे वाडगे आणलेले, सगळे सारखेच. दुपारी जेवताना कुणाचा कुठला कळेना, आणि दुसऱ्याच्या वाडग्यात जेवलं की भांडण. तेव्हा प्रत्येक घराने आपली खूण ठरवली. वाडगा ओल्या चिखलात पालथा रुतवायचा, कडेवर खिळा धरायचा आणि दगडाने एकच टक्का मारायचा. चिखलात असला की तेवढाच टवका उडतो, नाहीतर अख्खी कड सुटते. मग त्या खळग्यात होडीला लावायचं डांबर काडीने भरायचं, म्हणजे खारं पाणी लोखंडाला लागत नाही. दोन टवके म्हणजे आमचं घर. तीन म्हणजे आत्याच्या सासरचं. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळायचं.

मी वाडगा ओढणीत गुंडाळून घरी आणला आणि तीन दिवस कॉलेजच्या बॅगेत ठेवला. बाईंकडे गेले नाही. त्यांचा फोन आला तर उचलला नाही.

मला बाईंचं वाईट वाटत होतं, हे खरं. रविवारी त्या सगळ्यांसमोर उभ्या राहणार होत्या. पण अजून एक गोष्ट होती, ती लिहायला मला आताही जड जातं. ते टवके काय आहेत हे सांगायचं, म्हणजे माझ्या आजोबांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं हेही सांगायचं. नौपाड्यात, त्या घरात, जिथे मी 'पाणी' म्हणताना ण सांभाळून बोलायचे. मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. कारखाना अंकात छापून आला असता. आणि आजोबांचं नाव भट्टीचा दोष म्हणून कायमचं वहीत राहिलं असतं.

या शेवटच्या गोष्टीमुळे बुधवारी मी गेले.

"कुठे होतीस? तीन दिवस! बस, मला भाषण वाचून दाखवायचंय."

मी उभीच. वाडगा पुढे केला. बाईंनी तो झडप घालून घेतला. "बारावा! कोपर! कुठे मिळाला?"

"आत्याकडे. बाई, ते टवके... ते भट्टीतले नाहीत. ते माझ्या आजोबांनी पाडलेत. खिळ्याने."

"कशावरून?"

"आत्या म्हणते."

"आत्या म्हणते हा पुरावा नव्हे." त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा, स्टोअरमधला असेल. "आणखी सांग."

"आतलं काळं आहे ते अस्तर नाही. डांबर आहे."

बाईंनी माझा वाडगा बाजूला ठेवला आणि फळीवरून स्वतःचा पहिला वाडगा काढला, नऊ वर्षांपूर्वीचा. स्वयंपाकघरात जाऊन शिवणाची सुई चिमट्यात धरली, गॅसवर तापवली आणि टवक्यातल्या काळ्यावर टेकवली. काच असती तर सुई नुसती घसरली असती. ती आत रुतली, आणि घरभर नवा रस्ता करताना येतो तसा वास पसरला.

मला वाटलं, आता पुरे. त्यांनी दुसरा वाडगा काढला. मग तिसरा. दर वेळी सुई तापवली, दर वेळी तोच वास. अकराव्याला काही गरज नव्हती, तरी त्यांनी तोही केला. मग गॅस बंद केला आणि त्या एकुलत्या खुर्चीवर बसल्या.

"नऊ वर्षं," त्या म्हणाल्या.

मला पळून जावंसं वाटत होतं. खाली रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते.

"आजोबा काय करायचे तुझे?"

"मिठागरावर होते."

"खिळ्याने कशाला पाडायचे?"

मी सांगायला लागले. आधी अडखळत, मग कशी कोण जाणे, सरळ. वाडगे सगळ्यांचे सारखे, ओळखू येत नसत, कुणालाच लिहायला येत नव्हतं. "आणि येत असतं तरी..." मी म्हटलं आणि थांबले, कारण बाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"तरी नाव घालता आलं नसतं! अगं, स्टीलवर घालतो आपण नावं, पितळेवर घालतो. एनॅमलवर नाव घालायला गेलं की टवका उडतो! म्हणून सगळे म्हणाले, यावर नाव घालता येत नाही. आणि ही माणसं म्हणाली, उडतोय ना टवका? मग तोच आमचं नाव!" त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून हलवले. "कोपर, मी स्टोअरमध्ये टवका दिसला की कंडेम मारायची! आणि इथे टवका म्हणजे सही!"

त्यांचे गुडघे दुखायचे, तरी त्या त्या अरुंद जागेत भांड्यांमधून गोल फिरल्या. एक किटली पडली. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. चिटणिसांना तिथल्या तिथे फोन लावला. "घंटाळी, पत्रिकेत कारखाना आहे ना? तो व्याख्यानात नसेल. हो, छापून झालंय, माहीत आहे. नाही, आजारी नाही मी. इतकी बरी मी नऊ वर्षांत नव्हते."

रविवारी त्या उभ्या राहिल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "तुम्ही ज्या कारखान्याबद्दल ऐकायला आलात, तो नव्हता. माझी चूक झाली." दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ मोठ्याने हसले. चिटणीस पंख्याकडे बघत होते. बाईंनी ते हसणं पूर्ण होऊ दिलं आणि मग पुढे सुरू केलं. मलाही चार मिनिटं बोलायला लावलं. माझा ण कुठे कुठे घसरला, पण मी आजोबांबद्दल बोलले आणि कुणी हसलं नाही. टेबलावर मात्र बाईंच्या अकराऐवजी दहाच वाडगे होते (आत्याचा बारावा कोंबड्यांकडे परत गेला होता), आणि मला जास्त आठवतं ते व्याख्यान नाही, तो अकरावा गेला तो शुक्रवार.

शुक्रवारी दुपारी पप्पांच्या टेम्पोतून आम्ही गावात गेलो. बाईंनी वाडगे गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतले होते, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्या "अहो, हळू!" म्हणत. पप्पा मला हळूच म्हणाले, "आतमंदी पोर हाय कं?"

आत्याने अंगणात चटई टाकली. वाडगे मांडले. ती एकेकाच्या कडेवरून बोट फिरवी आणि घर सांगे. "ह्यो वरचे आलीचा. ह्यो आमचे सासरचा. ह्यो... हां, त्यांचा, जे दिव्याला गेले राहायला." मी लिहीत होते. बाई चटईवर गुडघ्यांवर बसून प्रत्येक घराला "वा!" म्हणत होत्या, जणू त्या घरातल्या माणसांची ओळख होतेय. वहीत 'भट्टी' असा रकाना होता, तो त्यांनी खोडून 'मालक' केला. आवाज ऐकून आजूबाजूच्या बायका जमल्या.

"ही कोन गो? भांडी इकाला आयलीय कं?"

"इकाला नाय," आत्या म्हणाली. "वाचाला आयलीय. नव वर्सं वाचतंय, आज कुठं अक्षर कललं."

सगळ्या हसल्या. सगळ्यात मोठ्याने बाई.

तेवढ्यात शेजारची हिराबाय आली. तिला मोतीबिंदू आहे, फारसं दिसत नाही. आत्याने तिला बसवलं आणि जे चार वाडगे आत्याला ओळखता आले नव्हते ते तिच्या हातात दिले. पहिला तिने परत केला. दुसराही. तिसऱ्याच्या कडेवरून तिचा अंगठा गेला. दोन टवके. मग अंतर. मग एक. अंगठा परत मागे आला आणि पुन्हा मोजून गेला.

"यो आमचा," ती म्हणाली. "सुनंनं कांद्यांचे बदली दिलेला भंगारवाल्याला. मी माहेरी गेलती तवा." आणि ती उठली, वाडगा पदराखाली घेतला आणि आपल्या घराकडे चालायला लागली.

आत्या म्हणाली, "हिरे! अगो, ते बाईंचं हाय!" हिराबायने वळून बघितलं नाही. मी बाईंकडे बघितलं. परवा व्याख्यान. "बाई, मी जाऊन परत आणू?"

"खुळी की काय तू!" बाई म्हणाल्या आणि अनवाणीच तिच्या मागे धावल्या.

मी वही घेऊन मागोमाग. हिराबाय दारात पोचली होती. पावलांचा आवाज ऐकून तिने वाडगा छातीशी धरला. "देनार नाय."

"नको मला!" बाई धापा टाकत होत्या. "तुमचाच आहे तो. ठेवा. मला एवढंच सांगा, आणला कुठून?"

"नवऱ्यानं आनला. ठान्याशी."

"कुठल्या दुकानातून?"

"माना काय ठाव? मी कवा गेलती दुकानात?" तिचा हात मात्र आता वाडग्याच्या बुडावर होता. "कागद व्हता हितं. चिकटवलेला. आमचे पोराला आवडायचा, म्हनून मी पानी लागू देत नव्हती."

बाई मटकन उंबऱ्यावर बसल्या. 'शिक्का नाही' हे मी त्या वहीतून अकरा वेळा टाइप केलं होतं. शिक्का छापलेला नसून चिकटवलेला असेल आणि धुऊन गेला असेल, हे आम्हा दोघींच्या कधी मनातही आलं नव्हतं. म्हणजे करणारा नाव न सांगता गेला नव्हता. कारखाना होता. पत्रिकेतला नव्हे, दुसराच, कुठला ते माहीत नाही, पण होता, आणि त्याची खूण बघितलेलं माणूस आमच्यासमोर उभं होतं.

"काय होतं कागदावर?" बाईंचा आवाज एकदम लहान झाला होता.

"उठ आधी. उंबऱ्यावर बसत्यात कं कोन?"

बाई उठल्या.

"हरीन व्हता," हिराबाय म्हणाली.

"उभं की पळत?"

हिराबायने विचार केला. "त्ये माना नाय सांगता येनार. पोराला इचार. त्यो रोज वाडगा उलटा करून त्या हरनाला भात भरवायचा."

"कुठे असतात चिरंजीव?"

"दिव्याला. रिक्षा चालवतो."

बाई अंगण ओलांडून टेम्पोपाशी पोचल्या होत्या. चपला अजून आत्याच्या दारात, बाकीचे वाडगे चटईवर, बायका तोंडाला पदर लावून बघतायत. त्यांनी पप्पांच्या शेजारचं दार उघडलं, आत चढल्या आणि खिडकीतून मला हाक मारली.

"कोपर, पप्पांना म्हणावं, दिवा! आणि तू आत्याला सोबत घे, मला त्यांची भाषा नीट कळली पाहिजे!"